अपडाऊनवाल्यांसाठी फोल्डिंगची सायकल: घेण्याआधी आणि घेतल्यावर

जालना ते संभाजीनगर रेल्वेनं ६०-६५ किलोमीटर, त्याचं कोणाला काही वाटत नाही. डोकं फिरतं ते दोन्ही टोकांच्या तीन-चार किलोमीटरनं. घरून स्टेशनला रिक्षा, तिकडं उतरलं की पुन्हा शेअर रिक्षा, ती भरेस्तोवर निस्तं बसून राहायचं, संध्याकाळी परत तेच उलटं. अपडाऊन करणाऱ्या कोणालाही विचारा, पास परवडतो पण रिक्षा परवडत नाही. मी दोन वर्षं हे केलं, मग फोल्डिंगची, म्हणजे घडी घालता येणारी सायकल घेतली आणि आता तिला तिसरं वर्ष चालू आहे. डब्यात रोज कोणी ना कोणी विचारतंच, ताई केवढ्याला पडली, जड आहे का, खरंच चालते का ही, म्हणून म्हणलं एकदा सगळं बैजवार लिहूनच काढावं.

आधी हे बघा की लागते का

पहिला हिशोब पैशाचा नाही, घडीचा आहे. दिवसातून किती वेळा घडी घालावी लागेल ते मोजा. माझं चार वेळा होतं, जाताना स्टेशनवर, उतरून ऑफिसात, आणि येताना परत तसंच. तुमचं एकदाही होत नसेल, म्हणजे समजा सिडकोतून चिकलठाणा एमआयडीसीला जायचंय, घरी पार्किंग आहे, कंपनीत सायकल स्टँड आहे, तर साधी सायकल घ्या, तेवढ्याच पैशात ती हलकी मिळते, पळते चांगली आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री डोळे झाकून दुरुस्त करतो. फोल्डिंगमध्ये जे जास्तीचे पैसे जातात ते बिजागरीचे जातात. ज्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याखालून एक सायकल आधीच चोरीला गेलीय त्यांनी मात्र एका घडीसाठीही घ्यायला हरकत नाही, ते दुःख मला माहितीय.

चाक आणि तो ४०६ चा आकडा

बाजारात मुख्य दोन मापं, १६ इंची आणि २० इंची. लंडनची ती प्रसिद्ध ब्रॉम्प्टन १६ इंचीवाली, घडी घातली की अगदी गाठोड्याएवढी होते, पण तिची किंमत लाखाच्या घरात जाते आणि सुटा भाग लागला तर कुठं शोधायचा हा प्रश्न वेगळाच. डेहॉन कंपनीच्या आणि डेकॅथलॉनच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा २० इंची. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी मी तरी २० इंचीच सांगेन. चाक जेवढं लहान तेवढं ते खड्ड्यात खोल जातं, मोठं चाक ज्या खड्ड्यावरून नुसतं धडकन जातं तिथं लहान चाक आत उतरून थांबतं आणि तुम्ही हँडलवरून पुढं. टायरही जाड घ्या, पावणेदोन इंची तरी, बारीक टायर दिसायला भारी दिसतात पण इथं मणका जागेवर राहत नाही.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. २० इंची लिहिलेले टायर दोन वेगळ्या मापांचे असतात आणि ते एकमेकांना बसत नाहीत. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ४७-४०६ असं काहीतरी असतं, त्यातला दुसरा आकडा बघायचा, तो रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो. ४०६ असेल तर सुखी, पोरांच्या बऱ्याच सायकलींना आणि कसरतीच्या बीएमएक्स सायकलींना तेच माप असतं त्यामुळं ट्यूब-टायर गावात मिळू शकतं. ४५१ असेल तर ती रेसिंगकडं झुकणारी, टायर ऑनलाइन मागवत बसावं लागतं. १६ इंचीतही तसंच, ३०५ आणि ३४९. घ्यायच्या आधी टायरचा फोटो काढून ठेवा.

लहान चाक म्हणजे जास्त पॅडल? नाही हो

हा प्रश्न तर इतक्या वेळा आलाय की मी आता पुढचा दात्यांचा गोलच दाखवते. फोल्डिंगच्या सायकलीला पुढं मोठा गोल असतो, बऱ्याच वेळा ५२ दात्यांचा. मागं १४ दात्यांवर चेन असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळपास पावणेचार वेळा फिरतं, २० इंची चाकाचा घेर दीड मीटर धरा, म्हणजे एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर. २६ इंची साध्या सायकलीला ४४ आणि १८ दाते धरले तर पाच मीटरच होतात. कंपनीवाल्यांनी हा हिशोब आधीच करून ठेवलेला असतो, तुमचे पाय काही जास्त फिरत नाहीत.

गिअर सहा-सात असले तर बरे, नसले तरी शहरात चालून जातं. उन्हाळ्यात समोरून गरम वारा सुटला की चढापेक्षा वाऱ्यालाच गिअर लागतो.

वजन: उचलून बघा, कागदावर वाचू नका

अल्युमिनियमवाली ११-१२ किलोच्या आसपास, लोखंडी १४-१५ पर्यंत जाते. ऐकायला तीन किलोचाच फरक, पण घरातलं रिकामं गॅस सिलिंडर १५-१६ किलोचं असतं, ते एका हातात घेऊन ओव्हरब्रिजचे जिने चढून बघा, खांद्यावर पर्स आणि हातात डबा धरून, मग कळतं. दुकानात घडी घालून घ्यायची आणि तशीच उचलून दुकानाला एक चक्कर मारायची, लोक बघतात, बघू द्या. घडी घातल्यावर ओढता येते का हेही बघा, काहींची नुसत्या चाकांवर ढकलत नेता येते, तेव्हा प्लॅटफॉर्मवर उचलायची गरजच पडत नाही. बॅटरीवाल्या फोल्डिंग येतात त्या वीस किलोच्या आसपास जातात. ज्यांना जिने नाहीत त्यांनी घ्याव्या.

बिजागरी

इथं घाई करू नका, सायकलीचा जीव इथंच आहे.

मधल्या दांड्यावर एक मोठी बिजागरी असते आणि हँडलच्या बुडाशी दुसरी. दोन्हीवर खटका असतो आणि खटक्यावर एक छोटी कुलूपवजा खिट्टी, म्हणजे चालवताना चुकून उघडू नये. टेस्ट अशी करायची: सायकल उघडी करून खटके लावा, पुढचा ब्रेक गच्च दाबा आणि सायकल हलकेच पुढं-मागं हलवा. दुसरा हात बिजागरीवर ठेवा. बोटाला टिक टिक जाणवलं तर तिथं ढिलाई आहे. नवी सायकल असेल तर दुकानदाराला म्हणा आवळून दे, जुनी असेल आणि आवळूनही टिकटिक जात नसेल तर सरळ सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. जुन्या सायकलीत बिजागरीच्या आजूबाजूला रंगावर केसासारखी भेग दिसते का तेही उजेडात नेऊन बघायचं.

खटका लावायला तळहाताचा जोर लागला पाहिजे. नुसत्या बोटानं पटकन बंद होत असेल तर ढिला आहे. त्याच्या मागं एक नट असतो तो पान्यानं थोडा थोडा आवळायचा, पाव फेरा, मग लावून बघायचं, परत पाव फेरा. मी पहिल्या महिन्यात हे केलं नव्हतं. एक दिवस उस्मानपुऱ्यातून क्रांती चौकाकडं जाताना हँडल हातात जरासं डुललं, म्हणलं खड्डा असेल, थांबून बघितलं तर हँडलच्या खटक्याची खिट्टी लागलेलीच नव्हती, ट्रेनमधून उतरून ऑफिस गाठायच्या घाईत उघडलेली. काही झालं नाही. पण त्या दिवसापासून सीटवर बसायच्या आधी दोन्ही खटक्यांवरून हात फिरवते, जसं घरातून निघताना गॅसचा कॉक बघतो तसं.

आणखी एक, सीटच्या नळीवर एक आडवी रेघ असते, त्या रेघेच्या वर नळी ओढायची नसते, आत कमी राहिली की वाकते नाहीतर तुटते. उंच लोकांनी हे आधीच बघावं. वजनाची मर्यादाही लिहिलेली असते, बऱ्याचशा १००-११० किलोपर्यंतच्या. मागं पोराला बसवून नेण्याचा विचार सोडा.

घडी घालायला शिका, घरात

प्लॅटफॉर्मवर शिकू नका. पहिले चार दिवस मी हॉलमध्ये रोज दहा वेळा उघड-बंद केली, सासूबाई म्हणाल्या ही काय नवी कसरत. मॉडेलप्रमाणं क्रम थोडा बदलतो पण मधून घडी होणाऱ्या सायकलीचा साधारण असा:

सायकलीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, चेन पलीकडं. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणून ठेवायची. पॅडल दुमडायची, डावं आधी. मग हँडलचा खटका उघडून हँडल खाली पाडायचं, हळू, ब्रेकच्या वायरी कुठं अडकत नाहीत ना बघत. मग मधला खटका, आणि पुढचं चाक मागच्या चाकाशेजारी आणायचं, काहींना तिथं लोहचुंबक असतं ते टक्क चिकटतं, नसेल तर एक रबरी पट्टा बांधा नाहीतर उचलल्यावर फटकन उघडते आणि शेजारच्याच्या नडगीवर बसते. शेवटी सीट खाली. सीट शेवटीच, कारण तोवर धरायला तीच असते.

काही सायकलींचं हँडल दोन चाकांच्या मध्ये जातं, काहींचं बाहेर राहतं. आत जाणारं असेल तर मधली घडी घालायच्या आधी हँडल पाडलंच पाहिजे, विसरलात तर सगळं परत उघडा.

उघडताना उलटा क्रम. सीट रोज त्याच उंचीला यावी म्हणून नळीवर नेलपॉलिशनं खूण केलीय मी, लाल, लांबून दिसते. आता पंधरा-वीस सेकंदांत होतं. सुरवातीला दोन मिनिटं लागली तरी लाजू नका.

ट्रेन आणि एसटी

साधी अख्खी सायकल डब्यात नेता येत नाही, ती पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात टाकावी लागते. रेल्वेच्या नियमात डब्यात न्यायच्या ट्रंक-सुटकेसचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर दिलंय. २० इंची सायकलीची घडी साधारण ८० बाय ६५ बाय ३५ च्या आसपास भरते, म्हणजे लांबीला आत, पण उंचीला आणि जाडीला बाहेर. एसी थ्री टायर आणि चेअर कारला तर माप आणखी लहान आहे. हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे टीसीनं विचारलं तर तोंड वर करून वाद घालायची वेळ येत नाही. यावर माझा उपाय म्हणजे पिशवी. झाकलेली वस्तू सामान असते आणि उघडी सायकल सायकल असते, माणसाचा स्वभाव आहे. तयार पिशव्या मिळतात पण सासूबाईंनी जुन्या जाड चादरीची शिवून दिली, तोंडाला पायजम्यासारखी नाडी, आणि ती इतकी टिकली की विचारू नका. पिशवीचा दुसरा फायदा असा की मधून घडी होणाऱ्या बहुतेक सायकलींची चेन बाहेरच्या बाजूला राहते, गर्दीत कोणाच्या पांढऱ्या पँटला काळा पट्टा लागला तर तुमचा पूर्ण प्रवास त्याच्या तोंडाकडं बघण्यात जातो. ब्रॉम्प्टनची चेन दोन चाकांच्या मध्ये झाकली जाते, तेवढं मात्र मानलं पाहिजे.

चढताना सगळ्यात शेवटी चढायचं. मराठवाडा एक्सप्रेसच्या जनरल डब्याच्या दारात ढकलाढकलीत सायकल घेऊन घुसलात तर सायकल आधी आणि तुम्ही नंतर चढाल, किंवा उलटं, आणि दोन्ही वाईट. आत गेलं की दारात ठेवायची नाही, शेवटच्या सीटच्या मागं फट असते तिथं उभी घालायची, नाहीतर दोन सीटांच्या मध्ये खिडकीकडून. रोजचे पासवाले असतात त्यांच्याशी आधी ओळख करून घ्या, पहिल्या आठवड्यात कुरकुर करतात, दुसऱ्या आठवड्यात तेच जागा करून देतात आणि तिसऱ्यात त्यावर हात टेकून पत्ते खेळतात. फारच गर्दी असली, सणासुदीची, तर त्या दिवशी सायकल घरी ठेवा. सरळ रिक्षा करा.

एसटीत चढायच्या आधी कंडक्टरला विचारा, चढल्यावर नाही. डिक्की असलेली गाडी असेल तर काम सोपं, पण सायकल आडवी टाकताना चेनची बाजू वर ठेवायला सांगा, गिअरचा तो मागचा लोंबता भाग वाकला की गिअर पडणं बंद होतं. लगेजचं तिकीट मागितलं तर काढून टाका.

काटे

बाहेरचे लेख वाचले की त्यात पाऊस आणि बर्फ असतो. आपल्याकडं काटे. वेडी बाभूळ रस्त्याच्या कडेनं कापतात आणि फांद्या तिथंच टाकतात, त्याचा एक काटा गाडीच्या टायरलाही भारी. त्याहून वाईट म्हणजे सराटे. पावसाळ्यात जमिनीला चिकटून ती पिवळ्या फुलांची वेल पसरते, छान दिसते, आणि पाऊस गेला की तिची फळं वाळून टणक काटेरी गोळ्या होतात, कसाही पडला तरी एक काटा वरच. दिवाळीच्या आसपास मोकळ्या प्लॉटमधून शॉर्टकट मारलात की दोन्ही चाकं एकदमच बसतात. मला एकदा एका टायरात सात सापडले, मोजले मी.

म्हणून तीन गोष्टी करा. ट्यूब आणि टायरच्या मध्ये घालायची प्लास्टिकची पट्टी मिळते ती घाला. ट्यूबमध्ये पंक्चर भरणारं द्रव टाकून घ्या, सराट्याची बारीक भोकं ते चालता चालता बंद करतं. आणि बॅगेत एक जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप आणि १५ नंबरचा पाना ठेवा, कारण बऱ्याचशा फोल्डिंगची चाकं नटावर असतात आणि पाना नसला की ट्यूब असून उपयोग नाही. काटा निघाला असं वाटलं तरी नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळूच. तुटलेलं टोक आत राहतं आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत जुनी होते.

हवेबद्दल. लहान चाकाला हवा थोडीच मावते त्यामुळं ती लवकर कमी पण होते आणि भरताना लवकर जास्त पण होते. माझ्या टायरवर ४० ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, मी ५० ठेवते. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते, पण मीटर नसलेल्या नळीला चाक देऊ नका. मी दिलं होतं. पोरानं सवयीनं स्कूटरला धरतो तेवढा वेळ नळी धरली आणि असा आवाज झाला की समोरच्या चहावाल्याच्या हातातली किटली हलली. ट्यूब तर गेलीच, टायरही रिमवरून उतरला, आणि वर तो मलाच म्हणाला की ट्यूब हलकी होती. तेव्हापासून घरी मीटरवाला पायपंप आहे, दर रविवारी.

चिखल, धूळ, ऊन

काळ्या मातीत पाऊस पडला की उतरा. चालवायचा प्रयत्नच करू नका. लहान चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटांची फट असते, दहा पावलांत ती माती लिंपून चाक जाम होतं आणि मग ढकलताही येत नाही. अशा वेळी घडी घालून उचलायची, निदान तेवढा तरी घडीचा उपयोग.

धुळीच्या दिवसात चेनला तेल कमीच. जास्त तेल घातलं की धूळ चिकटून त्याची कणिक होते. कापडानं पुसा, एकेक थेंब टाका, पाच मिनिटांनी परत पुसा. बिजागरीत मात्र चुलीतल्या राखेसारखी धूळ साचते ती जुन्या टूथब्रशनं काढत जा, तिथं धूळ राहिली की खटका पूर्ण बसत नाही.

मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की दुपारची फेरी टाळा, टोपीरुमाल काही असो. ओढणी मागं गाठ मारून किंवा घरीच. सलवारला पायाशी एक रबर. या सायकलींना मधला दांडा खाली असतो म्हणून साडीवरही चालवता येते, मी हळदीकुंकवाला गेले आहे.

शहरात चालवताना

पहिला आठवडा मोकळ्या मैदानात चालवा, आमखास मैदानासारख्या जागी सकाळी. लहान चाकाचं हँडल फार पटकन वळतं, एक हात सोडून वळायची खूण करायला गेलं की सायकल सापासारखी जाते. ही सवय आठवड्याभरात होते, पण तो आठवडा जालना रोडवर नको. जालना रोडवर उड्डाणपूल लागला, मोंढा नाका असो की सेव्हन हिल्स, वर चढू नका, खालून जा. मागं लाल लाइट सीटला लावू नका, सायकल उंचीनं लहान आहे आणि लाइट बॅगेमागं झाकला जातो, तो बॅगेवरच लावा.

एक मिस्त्री धरून ठेवा

ही शेवटची पायरी पण घेतल्या घेतल्या करायची. माझी पहिल्यांदा दाखवली तेव्हा शहागंजातले चाचा म्हणाले, ये क्या खिलौना उठा लाए बेटा. रागावू नका, त्यांना दाखवा. घडी घालून दाखवा, खटक्याचा नट कुठं आहे ते दाखवा. आणि पुढच्या चाकाचं हब, म्हणजे मधला तुंबा, किती रुंद आहे ते मोजून घ्या, साध्या सायकलीचं बहुतेक १०० मिलिमीटर असतं, बऱ्याच फोल्डिंगचं ७४, म्हणजे पुढचं चाक वाकलं तर दुकानात टांगलेलं कुठलंही बसणार नाही, आधीच मागवायला सांगून ठेवावं लागतं. टायरचा आकडा, हबचं माप आणि ब्रेकच्या रबराचा फोटो असं तिन्ही फोनमध्ये ठेवा आणि त्यांनाही लिहून द्या. चाचांनी माझा कागद कधीच हरवला. पण दुकानाच्या भिंतीवर, दहा-बारा फोन नंबरांच्या मध्ये, त्यांनी खडूनं ४०६ लिहून ठेवलंय आणि त्याखाली, खिलौनेवाली मॅडम.